११ जुलै : उपनगरांच्या दिनदर्शिकेतील एक पान

११ जुलै २०२५, शुक्रवार. पॅरिसमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीचे सत्तेचाळिसावे अधिवेशन चालू होते. तेथून बातमी आली आणि काही मिनिटांत महाराष्ट्रभर पसरली : साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतील जिंजी, असे बारा किल्ले 'मराठा लष्करी भूप्रदेश' म्हणून जागतिक वारसा यादीत दाखल झाले होते. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत ज्या तरुणांचे शनिवार-रविवार गडवाटांवर जातात, त्यांच्या भ्रमणध्वनींवर त्या रात्री दुसरे काही दिसत नव्हते.

इतिहासप्रेमींच्या दिनविशेषात ११ जुलैची ही नवी नोंद रास्तच आहे. पण त्या तारखेखाली आधीच बरेच काही लिहिलेले आहे, आणि त्यातील दोन नोंदी खास मुंबईच्या उपनगरांच्या आहेत. एक पूर्वेची, घाटकोपरच्या द्रुतगती मार्गावरची. दुसरी पश्चिमेची, माटुंगा रोड ते मीरा रोड या रुळांवरची. दोहोंत नऊ वर्षांचे अंतर आहे. पहिली सकाळी साडेसातच्या सुमारास घडली, दुसरी संध्याकाळी साडेसहाच्या आसपास. एकच तारीख धरून उपनगरांचा इतिहास उलगडू लागले की तो कसा दिसतो, ते पाहण्यासाठी हा थ्रेड.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. आज ज्याला आपण सरसकट 'मुंबई' म्हणतो, त्यातील बराच मोठा भाग महापालिकेच्या हद्दीत येऊन शंभर वर्षेही झालेली नाहीत. १९५० मध्ये हद्द पश्चिमेस जोगेश्वरीपर्यंत आणि मध्य रेल्वेच्या बाजूस भांडुपपर्यंत वाढली. १९५७ मध्ये ती दहिसर आणि मुलुंडला जाऊन भिडली. स्वतंत्र 'मुंबई उपनगर' जिल्हा झाला तो १ ऑक्टोबर १९९० रोजी. रेल्वे मात्र या सगळ्याच्या आधीची. १८५३ ची बोरीबंदर-ठाणे गाडी घाटकोपर-मुलुंडच्या शेतांमधून गेली, आणि १८६७ मध्ये विरारहून मुंबईकडे पहिली लोकल निघाली. म्हणजे येथे आधी रूळ आले, मग माणसे आली, आणि पालिका सर्वांत शेवटी पोहोचली. हा क्रम ध्यानात ठेवावा. पुढच्या कथेत तो कामाला येतो.

आता १९७९ कडे वळू, कारण या तारखेची एक बाजू हलकीफुलकीही आहे.

११ जुलै १९७९, बुधवार. अमेरिकेची 'स्कायलॅब' ही सुमारे ७७ टनांची अवकाश प्रयोगशाळा पृथ्वीवर कोसळणार, हे जगाला ठाऊक होते. कोठे कोसळणार, हे कोणालाच ठाऊक नव्हते. भारतातील वृत्तपत्रे आठवडाभर नकाशे छापत होती. त्या काळी मुले असलेली माणसे आजही सांगतात की गावाकडे काहींनी 'उद्या आहोत की नाही' म्हणून कोंबड्या-बकऱ्या कापून मेजवान्या उडवल्या. भारतीय वेळेनुसार त्या रात्री दहाच्या सुमारास स्कायलॅब हिंदी महासागरावर फुटली आणि तिचे तुकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात एस्परन्स या गावाच्या परिसरात पडले. तेथील स्थानिक प्रशासनाने 'नासा'ला कचरा टाकल्याबद्दल चारशे डॉलरचा दंड ठोठावला. ही दंतकथा नाही, नोंदलेली गोष्ट आहे.

त्याच दिवशी दिल्लीतही काहीतरी कोसळू लागले होते. यशवंतराव चव्हाणांनी लोकसभेत मोरारजी देसाई सरकारविरुद्ध अविश्वासाचा ठराव मांडला. चौथ्या दिवशी, १५ जुलैला, मोरारजींनी राजीनामा दिला. उपनगरांचा याच्याशी थेट संबंध होता. १९७७ च्या निवडणुकीत उत्तर मुंबईतून मृणाल गोरे, वायव्य मुंबईतून राम जेठमलानी आणि ईशान्य मुंबईतून सुब्रमण्यम स्वामी, असे उपनगरांचे तिन्ही खासदार जनता पक्षाचे निवडून आले होते. मृणालताईंचे राजकारणच गोरेगावच्या पाण्याच्या प्रश्नातून उभे राहिले. 'पाणीवाली बाई' हे नाव त्यातलेच. पालिका सर्वांत शेवटी पोहोचली, असे वर म्हटले, त्याचा अर्थ या एका बिरुदात सामावलेला आहे. माणसे राहायला आलेली, नळ आलेला नाही.

१९८७ च्या ११ जुलैची नोंद आकड्यांची. जगाची लोकसंख्या त्या दिवशी पाच अब्जांवर गेली, असे संयुक्त राष्ट्रांनी प्रतीकात्मक रीतीने ठरवले आणि पुढे हाच दिवस 'जागतिक लोकसंख्या दिन' झाला. छापील दिनदर्शिकांत ११ जुलैच्या चौकोनात अजूनही बहुधा तेवढेच असते. उपनगरांपुरता त्याचा हिशेब २०११ च्या जनगणनेत मिळतो : मुंबई शहर जिल्हा ३० लाख ८५ हजार, उपनगर जिल्हा ९३ लाख ५६ हजार. २००१ च्या तुलनेत शहराची वस्ती घटली होती आणि उपनगरांची वाढली होती. 'मुंबई' हे नाव दक्षिणेकडे राहिले, मुंबईकर उत्तरेकडे सरकले.

या सरकण्यात सगळे सारखे नव्हते. कोणी सहकारी गृहनिर्माण संस्थेत सदनिका घेतली, कोणी म्हाडाच्या वसाहतीत आले, आणि बऱ्याच जणांनी महामार्गाच्या कडेला, खाडीलगत, डोंगरउतारावर स्वतःच्या हातांनी घर उभे केले. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातून आणि इतर कोरडवाहू भागांतून जी कुटुंबे मुंबईला आणून सोडली, त्यांतील अनेकांचा पत्ता असाच तयार झाला. पूर्व द्रुतगती मार्गालगत घाटकोपर पूर्वेला उभी राहिलेली मोठी दलित वस्ती म्हणजे माता रमाबाई आंबेडकर नगर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या सहधर्मचारिणीचे नाव धारण करणाऱ्या या वस्तीच्या दर्शनी भागी बाबासाहेबांचा पुतळा होता.

पुतळा म्हणजे काय, हे येथे थांबून समजून घ्यायला हवे. ज्यांच्या नावावर सातबारा नाही आणि ज्यांचे घर सरकारी भाषेत 'अतिक्रमण' आहे, त्यांच्यासाठी वस्तीच्या तोंडाशी असलेला निळ्या कोटातला पुतळा ही केवळ श्रद्धेची खूण नसते. 'आम्ही येथे आहोत आणि राज्यघटनेने आहोत' असा तो दाखला असतो. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव १९७८ मध्ये झाला आणि प्रत्यक्ष नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या सोळा वर्षांत एका नावासाठी किती घरे जळली आणि किती माणसे मारली गेली, याची आठवण घेऊनच अनेक कुटुंबे मुंबईत राहत होती.

११ जुलै १९९७, शुक्रवार. पहाटे वस्ती जागी झाली तेव्हा पुतळ्याच्या गळ्यात चपलांचा हार होता.

लोक जमू लागले. तक्रार झाली. हा भाग पंतनगर पोलीस ठाण्याच्या हद्दीतला. सातच्या सुमारास संतप्त रहिवासी द्रुतगती मार्गावर उतरले आणि रस्ता अडवला गेला. यात काही विशेष नव्हते. उपनगरांत निषेधाची जागाच ती आहे. दादरला शिवाजी पार्क आहे, परळला कामगार मैदान आहे, फोर्टात आझाद मैदान आहे. घाटकोपरच्या झोपडपट्टीला महामार्ग आहे. तेच तिचे मैदान, तीच तिची चावडी. रास्ता रोको केल्याशिवाय तिचे म्हणणे मंत्रालयापर्यंत जात नाही, हे तिला अनुभवाने ठाऊक असते.

साडेसातच्या सुमारास राज्य राखीव पोलीस दलाची तुकडी आली. उपनिरीक्षक मनोहर कदम तिचे प्रमुख होते. पुतळ्यापासून काही अंतरावर गाडी थांबली आणि थोड्याच वेळात गोळीबार सुरू झाला. तो दहा-पंधरा मिनिटे चालला. दहा माणसे मेली, सव्वीस जखमी झाली. मृतांत एक स्त्री होती, किशोरवयीन मुले होती. रस्त्यावर न आलेले, गल्लीच्या तोंडाशी काय चालले आहे ते पाहायला थांबलेले लोकही होते. अनेकांना गोळ्या कमरेच्या वर लागल्या होत्या.

जमाव पांगवण्याची एक ठरलेली उतरंड असते. आधी जमाव बेकायदा असल्याची घोषणा, मग इशारा, मग लाठी, अश्रुधूर, आणि काहीच उरले नाही तर किमान बळ वापरून, खाली रोखून गोळी. जीव घेणे हा तिचा हेतू नसतो. त्या सकाळी या पायऱ्या चढल्या गेल्याच नाहीत, असे रहिवाशांचे म्हणणे होते. पोलिसांची बाजू अशी की महामार्गावर गॅसचे टँकर होते, जमाव ते पेटवणार होता आणि मोठा अनर्थ टाळण्यासाठी गोळी चालवावी लागली.

दुपारपर्यंत एक बस जळाली, वस्तीत पुन्हा पोलीस शिरले, लाठीमार झाला, अश्रुधूर सुटला. जखमी राजावाडी रुग्णालयात पोहोचत होते. पुढचे काही दिवस राज्यभर बंद, मोर्चे आणि संताप होता. हा संताप फक्त सत्तेवरील शिवसेना-भाजप युतीवर नव्हता. सांत्वनाला आलेल्या रिपब्लिकन पुढाऱ्यांनाही लोकांनी जाब विचारला. गटातटांत विभागलेल्या चळवळीबद्दलचा इतक्या वर्षांचा राग त्या गल्ल्यांत बाहेर पडला.

त्या आठवड्याचे राष्ट्रीय चित्र डोळ्यांपुढे आणावे. १४ जुलैला राष्ट्रपतिपदासाठी मतदान झाले, १७ ला निकाल लागला आणि के. आर. नारायणन हे देशाचे पहिले दलित राष्ट्रपती म्हणून निवडून आले. स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवाला महिना उरला होता. राष्ट्रपती भवनाकडे जाणारा रस्ता मोकळा होत असताना घाटकोपरचा रस्ता रक्ताने माखलेला होता. या दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात, एकाच राज्यघटनेखाली घडल्या. भारताच्या पन्नास वर्षांवर भाष्य करायला कोणा कादंबरीकाराने असा योगायोग रचला असता, तर समीक्षकांनी त्याला भडक म्हटले असते.

गोळीबारानंतर चौथ्या दिवशी, १५ जुलैला, मुलुंडच्या झोपडपट्टीत राहणारे शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. कामगारवस्त्यांतून डफ घेऊन गाणारा, डाव्या सांस्कृतिक चळवळीत वाढलेला हा कवी. आनंद पटवर्धन यांच्या 'हमारा शहर' या झोपडपट्टीवासीयांवरील माहितीपटात त्यांचा आवाज आहे. जाताना त्यांनी डोक्याला निळी पट्टी बांधली होती. लाल झेंड्याखाली गायलेल्या माणसाने अखेरच्या क्षणी निळा रंग का निवडला, या प्रश्नामागे पटवर्धन निघाले आणि सुमारे चौदा वर्षांच्या चित्रीकरणातून 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट उभा राहिला. रमाबाई नगरच्या इतिहासाचा सर्वांत मोठा दस्तऐवज आज कोणता, असे विचारले तर उत्तर एखाद्या सरकारी कागदाकडे नव्हे, या चित्रपटाकडे बोट दाखवते. महाराष्ट्राच्या दलित वस्त्यांतील गाणे, राजकारण आणि न्यायालयीन प्रतीक्षा यांची इतकी सलग नोंद दुसरीकडे नाही.

सरकारी कागदही झाला. न्यायमूर्ती एस. डी. गुंडेवार यांचा चौकशी आयोग नेमला गेला. आयोगाने टँकरचा युक्तिवाद स्वीकारला नाही. गोळीबार अनावश्यक आणि असमर्थनीय होता, असा निष्कर्ष काढला आणि कदम यांच्यावर ठपका ठेवला. तरीही खटल्याचा निकाल यायला २००९ चा मे उजाडला. सत्र न्यायालयाने त्यांना सदोष मनुष्यवधाबद्दल जन्मठेप सुनावली. प्रकरण अपिलात गेले आणि उच्च न्यायालयाने जामीन दिला. ज्या मुलांनी १९९७ मध्ये शाळेची दप्तरे टाकून ती सकाळ पाहिली होती, ती एव्हाना तिशीला टेकली होती.

मध्ये एक शेजारची तारीख. १२ जुलै २०००. पुन्हा घाटकोपर, पण पश्चिमेचा डोंगर. मुसळधार पावसात आझाद नगरच्या झोपड्यांवर कडा आणि संरक्षक भिंत कोसळून साठांहून अधिक माणसे गाडली गेली. दिनविशेषाच्या दृष्टीने हे दुसरे पान. पण उपनगरात जुलैचा दुसरा आठवडा ज्या भीतीने काढला जातो, तिची जात यातून कळते. (याच आठवड्याला बाजीप्रभूंची १३ जुलै आहे आणि पुणेकरांची १२ जुलै १९६१ ची पानशेतची आठवणही.)

आणि आता पश्चिम रेल्वे.

११ जुलै २००६, मंगळवार. आषाढ पौर्णिमा. कार्यालये सुटली होती आणि चर्चगेटहून उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्या भरभरून निघाल्या होत्या. रेल्वेच्या परिभाषेत मुंबईच्या गर्दीसाठी वेगळी संज्ञा करावी लागली, कारण एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा उभी माणसे ही गोष्ट नेहमीच्या कोष्टकात बसत नव्हती. पहिल्या वर्गाचा डबा यातून थोडासा सुटका देतो एवढेच; बाकी पंखे तेच, दारात लटकणे तेच. त्यात बसणारा माणूस श्रीमंत असतो हा बाहेरच्यांचा समज. बँकेतला अधिकारी, शेअर दलालाकडचा कारकून, औषध कंपनीचा विक्री प्रतिनिधी, महिन्याचा पास काढून रोज तीन तास रुळांवर घालवणारी ही माणसे. बोरिवली, कांदिवली, मीरा रोड, भाईंदर येथे कर्जावर घेतलेल्या दोन खोल्या आणि फोर्ट-नरिमन पॉइंटला नोकरी, या दोन टोकांना बांधणारा दोर म्हणजे ही लोकल.

संध्याकाळी ६ वाजून २४ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, ६ वाजून ३५ मिनिटांनी सातवा. अकरा मिनिटे. खार, वांद्रे, जोगेश्वरी, माहीम, माटुंगा रोड, मीरा रोड आणि अखेरीस बोरिवली. सातही ठिकाणी पहिल्या वर्गाचे डबे फाटले. १८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, ८०० हून अधिक जखमी झाली. जखमींपैकी एक तरुण नऊ वर्षे बेशुद्धावस्थेत राहून २०१५ च्या जुलैत गेला. काहींच्या बाबतीत ती संध्याकाळ संपायला अशी वर्षे लागली.

भ्रमणध्वनीचे जाळे काही मिनिटांत बंद पडले. हजारो घरांत एकच अंकगणित चालू झाले : पाच सत्तावन्नची चुकली असेल तर पुढची कोणती, आज कोणत्या डब्यात बसला असेल, मित्रांच्या घोळक्याबरोबर दुसऱ्या वर्गात गेला असेल का. लोकलचे वेळापत्रक ज्यांना तोंडपाठ असते, त्यांनाच त्या रात्री त्याची खरी दहशत कळली.

पहिली मदत पोहोचली ती रुळांलगतच्या झोपड्यांतून. अतिक्रमण म्हणून ज्यांच्या घरांवर अधूनमधून हातोडा पडतो, त्यांनी आपल्या चादरी आणि साड्या आणून त्यांच्या झोळ्या केल्या आणि पहिल्या वर्गातील जखमींना खांद्यावर घेऊन रस्त्यापर्यंत नेले. रिक्षा, टेम्पो, जे मिळेल त्या वाहनाने माणसे बोरिवलीच्या भगवती रुग्णालयात, जुहूच्या कूपरमध्ये, वांद्र्याच्या भाभात आणि पुढे शीव व केईएमला पोहोचली. रक्त द्यायला रांगा लागल्या. उपनगरांचा इतिहास लिहिणाऱ्याने किल्ल्या-देवळांइतकीच पालिकेच्या या रुग्णालयांची दप्तरेही पाहावीत. १९९७ चे राजावाडी आणि २००६ चे भगवती यांच्या अपघात विभागांतील नोंदवह्यांत जितका इतिहास आहे, तितका कुठल्याही गॅझेटिअरमध्ये सापडायचा नाही.

दुसऱ्या दिवशी गाड्या धावल्या आणि लोक कामावर गेले. वृत्तपत्रांनी याला 'मुंबईचे स्पिरिट' म्हटले. हा शब्द तेव्हाच अनेकांना खुपला. ज्याचे पोट रोजच्या हजेरीवर आहे त्याने दुसऱ्या दिवशी गाडी पकडणे हे शौर्य कमी आणि नाइलाज जास्त असतो. रुळांखेरीज उपनगराला दक्षिणेकडे नेणारे दुसरे आहे तरी काय?

या घटनेला नाव मिळाले 'सेव्हन इलेव्हन'. गंमत अशी की आपण तारीख दिवस-महिना अशी लिहितो. त्या हिशेबाने ती ११/७ व्हायला हवी. पण २००१ च्या न्यूयॉर्कनंतर 'नाइन इलेव्हन' ही जगाची भाषा झाली होती, आणि पश्चिम रेल्वेवरील माणसांचे मरण अमेरिकन पद्धतीने नोंदले गेले. दोन वर्षांनी आलेला 'सव्वीस-अकरा' मात्र पुन्हा आपल्या पद्धतीचा. नामकरणाचा आणखी एक परिणाम झाला. 'सेव्हन इलेव्हन' म्हटल्यावर मुंबईला २००६ आठवते. १९९७ ला असे आकड्यांचे नावच मिळाले नाही. ते 'रमाबाई नगर' राहिले. एका घटनेची ओळख तारीख, दुसरीची ओळख वस्ती. पहिली साऱ्या शहराची झाली, दुसरी त्या वस्तीची आणि आंबेडकरी समाजाचीच राहिली. हा फरक शब्दांचा वाटतो, पण पाठ्यपुस्तकात काय जाते आणि काय गळते हे बऱ्याचदा अशाच फरकांनी ठरते.

तिथी की तारीख, हा वाद शिवजयंतीच्या निमित्ताने प्रत्येक मराठी इतिहासप्रेमीने कधी ना कधी घातलेला असतो. उपनगरांच्या या दोन स्मृतींत तो वाद उद्भवत नाही. रमाबाई नगरात दरवर्षी ११ जुलैला दहा मृतांना अभिवादन होते, माहीम स्थानकात स्फोटांतील मृतांच्या स्मरणार्थ लोक जमतात. कोणी पंचांग उघडत नाही. आंबेडकरी परंपरा १४ एप्रिल, ६ डिसेंबर, १ जानेवारी अशा तारखांनीच वर्ष मोजते. आणि रेल्वे तर तारखेच्याही पुढे जाऊन मिनिटांवर चालते.

२००६ च्या खटल्याचा प्रवास १९९७ पेक्षा वेगळ्या वळणांचा, पण लांबीला तितकाच. दहशतवादविरोधी पथकाने तपास केला, तेरा जणांवर मोक्काखाली खटला चालला. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले; पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. तेरावा आरोपी नऊ वर्षांच्या तुरुंगवासानंतर निर्दोष सुटला. फाशी झालेल्यांपैकी एक जण २०२१ मध्ये नागपूरच्या तुरुंगात करोनाने मरण पावला.

त्यानंतर २१ जुलै २०२५. किल्ल्यांच्या बातमीला आणि स्फोटांच्या एकोणिसाव्या स्मृतिदिनाला अवघे दहा दिवस झाले होते. मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष मुक्त केले. कबुलीजबाब विश्वासार्ह नाहीत, ओळख परेड ग्राह्य नाही, घटनेनंतर शंभराहून अधिक दिवसांनी पुढे आलेल्या साक्षीदारांच्या स्मरणावर विसंबता येत नाही, आणि नेमका कोणत्या प्रकारचा बॉम्ब वापरला गेला हेही अभियोग पक्षाला सिद्ध करता आलेले नाही, अशी या निकालाची दिशा होती. तीन दिवसांनी, २४ जुलैला, सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारच्या अपिलावर सांगितले की हा निकाल अन्य खटल्यांत पूर्वदाखला म्हणून धरला जाऊ नये. सुटलेल्यांना मात्र पुन्हा तुरुंगात जावे लागणार नाही.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने या दोन प्रकरणांकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावे. घाटकोपरमध्ये गोळी कोणी झाडली हे पहिल्या मिनिटापासून सर्वांना ठाऊक होते. चपलांचा हार आणि गोळी यांमधल्या दोन तासांत काय घडले याच्याही साक्षी होत्या. तरीही न्यायालयाच्या पहिल्या निकालाला बारा वर्षे लागली. पश्चिम रेल्वेवर बॉम्ब कोणी ठेवले हे कोणीच पाहिले नव्हते. तेथे निकाल नऊ वर्षांत आला आणि एकोणीस वर्षांनी रद्द झाला. एकीकडे कर्ता माहीत असून शिक्षा डळमळीत, दुसरीकडे शिक्षा ठोठावून झाली आणि कर्ता अज्ञात. बारा जणांची तारुण्याची वर्षे त्यात गेली, आणि ज्यांची माणसे त्या सात डब्यांत होती त्यांच्या हाती २००६ च्या रात्री होते त्याहून फारसे अधिक काही आज नाही.

रमाबाई आंबेडकर नगर आता बदलते आहे. पूर्व मुक्तमार्ग ठाण्याच्या दिशेने वाढवायचा आहे आणि तो येथूनच जाणार आहे. त्यासाठी एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण यांच्या संयुक्त प्रकल्पात हजारो झोपड्यांच्या जागी इमारती उभ्या राहायच्या आहेत. ज्या रस्त्यावर वस्तीने १९९७ मध्ये आपला निषेध नोंदवला, त्याच रस्त्याच्या विस्तारासाठी वस्ती उठून उंच मजल्यांवर जाईल. पश्चिम रेल्वेवर दरम्यान नऊ डब्यांच्या गाड्या बारा आणि पंधरा डब्यांच्या झाल्या, काही वातानुकूलित झाल्या. संध्याकाळी ६ वाजून २४ मिनिटांनी खारजवळून आजही जलद लोकल जातात, आणि २००६ च्या खटल्यातील राज्य सरकारचे अपील सर्वोच्च न्यायालयात गेले आहे.